पिवळी बाटली

सिस्टरनं ग्लुकोजची बाटली स्टँडला अडकवली आणि माझा जीव खालीवर झाला. दोन दिवसांपूर्वी बाबांची शुगर ४३० होती. दिवसातून चारदा इन्सुलिन टोचणं चाललं होतं, तपासणीच्या सुयांनी बोटांची टोकं काळवंडली होती, आणि त्याच माणसाला आता साखरेचं पाणी चढवायचं? मी आवाज चढवूनच म्हणाले, "सिस्टर, शुगरचे पेशंट आहेत हे. साधी सलाइन लावा ना!"

त्या रागावल्या नाहीत. ट्रेमधली लहानशी वायल उचलून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली. तळाशी पिवळी पूड होती. "ताई, हे औषध सलाइनमध्ये फाटते. लिंबू पिळल्यावर दूध फाटते ना, तसंच. याले ग्लुकोजच लागते."

सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. आपण लटकत्या प्रत्येक बाटलीला सलाइन म्हणतो, त्यामुळे हा फरक कधी ध्यानातच येत नाही. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. पित्तात असतो तसल्या एका क्षाराच्या आधारानं ते पाण्यात धरून ठेवलेलं असतं, आणि मिठाचा संबंध आला की तो आधार सुटून साका खाली बसतो. म्हणून ५ टक्क्यांचं ग्लुकोज, ५०० मिलीलिटर. त्यात २५ ग्रॅम साखर, आणि त्या साखरेपुरतं इन्सुलिन वेगळं. नळीत आधीच्या बाटलीचं मिठाचं पाणी उरलं असेल म्हणून नळीसुद्धा ग्लुकोजनं धुऊन घ्यायची. सिस्टरनं नळी धुतली, वायल हलवली, पिवळं पाणी ओढून बाटलीत सोडलं आणि बाटलीवर काळी पिशवी चढवली, या औषधाला उजेड नको म्हणून. बाबा उजव्या डोळ्यानं हे सगळं बघत होते. डावा सुजून मिटला होता.

तो मे २०२१ होता आणि हॉस्पिटल धंतोलीतलं. त्याआधीच्या एप्रिलात नागपुरात काय चाललं होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत एकेका घरातून दोन-दोन माणसं गेली. बाबांना कोरोना झाला तेव्हा बेड कुठेच नव्हता, औषधं फोनवर लिहून मिळाली, त्यात स्टेरॉइड होतं. ते ६ दिवसांचं होतं की १६, हा घोळ आजही सुटलेला नाही. चिठ्ठीचा फोटो धूसर होता आणि बाबांनी गोळ्या १६ दिवस घेतल्या. शुगर रोज तपासा, असं आम्हाला कोणी म्हटलं नाही. ऑक्सिमीटर दिवसातून दहा वेळा बोटाला लागत होता, ग्लुकोमीटर कपाटात पडून होता. ही सल अजून जात नाही.

मग डावीकडची वरची दाढ हलायला लागली. आम्ही दाताचंच दुखणं समजलो. बाबा म्हणाले, "पोरी, गालाले हात लावला तं दुसऱ्याच्याच गालाले लावल्यावानी वाटून राहिलं." हे वाक्य ऐकूनही मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी नाकातून काळपट पाणी आलं आणि टाळूवर रुपयाएवढा डाग दिसला. एमआरआय झाला, दुर्बिणीतून नाकातला तुकडा काढला आणि त्याच संध्याकाळी रिपोर्ट आला, म्युकरमायकोसिस.

रिपोर्ट इतक्या लवकर कसा आला, याचं मला नवल वाटलं. वॉर्डातल्या निवासी डॉक्टर मॅडमनी मोबाइलवर स्लाइडचा फोटो दाखवला. तुकड्यावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकतात, त्यात माणसाच्या पेशी विरघळून जातात. बुरशीच्या पेशीभोवती कायटिनची भिंत असते, झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं तेच हे द्रव्य. ती भिंत टिकते. त्यामुळे स्लाइडवर बाबा विरघळून गेले होते आणि बुरशी तेवढी उरली होती. रुंद, फितीसारखे धागे, मध्ये पडदे नाहीत, फांद्या जवळजवळ काटकोनात फुटलेल्या. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. या बुरशीला सगळे काळी बुरशी म्हणतात, पण ती काळी नसते. तिचे धागे रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्त गोठतं, पुढचा भाग रक्तावाचून मरतो आणि काळा पडतो. टाळूवरचा डाग म्हणजे बाबांचं स्वतःचं मेलेलं मांस होतं.

असली बुरशी मातीत, शिळ्या भाकरीवर, सगळीकडेच असते, रोज श्वासातून आत जाते. आपल्या पांढऱ्या पेशी तिला मारून टाकतात. वाढलेल्या साखरेनं त्या पेशी मंदावतात आणि स्टेरॉइडनं त्यांचे हातपाय बांधले जातात. बाबांच्या बाबतीत दोन्ही झालं होतं.

पहिली बाटली सुरू होऊन तास-सव्वा तास झाला असेल. बाबांचे दात वाजायला लागले. बाहेर ४४ अंश, आणि हा माणूस दोन चादरी, वर माझी ओढणी घेऊनही पलंगासकट हलत होता. पलंगाची कडी भिंतीवर आपटत होती, तो टकटक आवाज मला आजही ऐकू येतो. हात धरला तर माझाच हात हलायचा. ताप १०३. ताप आणि ॲलर्जीची औषधं आधीच दिलेली होती, तरी हे झालं. सिस्टरनं बाटलीचा वेग कमी केला, एक इंजेक्शन दिलं, वीस मिनिटांत थरथर उतरली. नंतर समजलं, हे या औषधाचं ठरलेलंच आहे. औषधाचा रेणू दिसला की आपल्याच पांढऱ्या पेशी बाहेरचा शत्रू आला असं समजून तापाची रसायनं सोडतात.

थरथर थांबल्यावर बाबांनी विचारलं, "याले कसं समजते व, बुरशी कोणती अन् मी कोणता?"

बाबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही यंत्राला ते हाच प्रश्न विचारत आले आहेत, ओळखतं कसं? फ्यूजला कसं समजतं, रिलेला कसं समजतं. मला उत्तर येत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी राउंडनंतर डॉक्टर मॅडमना जसाच्या तसा प्रश्न विचारला. त्या मूळच्या बिहारच्या, मुजफ्फरपूरकडच्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे एकदम जागे झाले. खाटेच्या कडेला टेकून त्यांनी दहा मिनिटं समजावलं, आणि त्या दिवसांत डॉक्टरची दहा मिनिटं म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती ते मी जाणते.

त्या म्हणाल्या, जंतू मारायला आपल्याकडे अँटिबायोटिकं ढिगानं आहेत, कारण जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा अगदीच निराळी. त्याची भिंत निराळी, प्रथिनं बनवायचा कारखाना निराळा. तिथं मार दिला तर आपल्याला फारसा लागत नाही. बुरशी मात्र आपल्या भावकीतली आहे. झाडांपेक्षा ती प्राण्यांना जवळची. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, आपल्यासारखीच यंत्रणा. तिला मारेल असं बहुतेक काहीही आपल्यालाही मारेल. मग फरक शोधायचा कुठे? एक फरक पेशीच्या पातळ आवरणात सापडतो. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. दोघं सख्ख्या भावांसारखे, घडणीत जरासं इकडंतिकडं. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. त्याचे रेणू एकत्र येऊन आवरणात भोकं पाडतात, आतलं पोटॅशियम बाहेर वाहून जातं आणि पेशी मरते.

"लीकेज," बाबा पडल्यापडल्या म्हणाले. "इन्सुलेशन गेलं म्हणायचं तिचं."

मॅडम हसल्या, म्हणाल्या, काका, तेच. पुढे असंही सांगितलं की २०१४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या संशोधकांना त्याहून वेगळं चित्र दिसलं. त्यांच्या मते औषधाचे रेणू आवरणाच्या बाहेर गोळा होऊन स्पंजासारखे बसतात आणि एर्गोस्टेरॉल शोषून बाहेर काढतात. पेशी जगते कशी, तर त्या एर्गोस्टेरॉलच्या जिवावर. तेच गेलं की सगळं कोलमडतं. भोकं हा त्याहून दुय्यम मार. कोणत्याही मार्गानं घ्या, ओळखायची खूण एकच आहे.

पण खूण बारीक, आणि औषध तिला दर वेळी नीट ओळखतंच असं नाही. कोलेस्टेरॉललाही ते थोडंफार चिकटतं, आणि याची किंमत सगळ्यात जास्त किडनी मोजते. तिथल्या नळ्यांच्या पेशींनाही तीच भोकं पडतात. वर किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बुरशीला जे व्हायला हवं ते बाबांनाच व्हायला लागलं. पोटॅशियम लघवीवाटे वाहून चाललं होतं. बाबांनी माझ्याकडून वीज मंडळाची जुनी डायरी मागवून घेतली. तिच्यात पूर्वी कुठल्या फीडरला कधी बिघाड झाला याच्या नोंदी असायच्या. आता त्यांच्या सांगण्यावरून मी रोजचे आकडे लिहू लागले. पहिल्या दिवशी पोटॅशियम ४.१, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साचणारी घाण) ०.९. पाचव्या दिवशी पोटॅशियम २.८, क्रिएटिनिन १.५. नवव्या दिवशी क्रिएटिनिन २.२.

पोटॅशियम २.८ झालं त्या दिवशी बाबांना खाटेवरून पाय उचलवेना. छातीला मॉनिटर लागला, कारण पोटॅशियम घसरलं की हृदयाचा ठोका चुकतो. शिरेतून पोटॅशियम द्यायचं तेही थेंबाथेंबानं, घाईत दिलं तर तेच हृदय थांबवतं. जोडीला ते औषधी सिरप, कडवट खारट, सोललेल्या तोंडाला झोंबणारं. मॅग्नेशियमही घसरलं होतं. ते भरून निघेपर्यंत पोटॅशियम टिकतच नाही, हे मला तेव्हा कळलं. रोज ॲम्फोच्या आधी मिठाच्या पाण्याची एक बाटली जायची, किडनी भरलेली राहावी म्हणून. ज्या सलाइनमध्ये औषध फाटतं, तीच सलाइन आधी देऊन किडनी सांभाळायची, मग नळी ग्लुकोजनं धुवायची, मग औषध. हा क्रम मला पाठ झाला होता. एका रात्री नवीन आलेला ब्रदर नळी न धुताच पिवळी बाटली जोडायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. त्यानं निमूट ऐकलं, पुन्हा धुतली.

किडनीला झेपेल असा प्रकार होता, लायपोसोमल. त्यात तेच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलेलं असतं. गोळी रक्तातून फिरते, किडनीच्या पेशींना औषध फारसं सुटत नाही, बुरशीशी गाठ पडल्यावर मात्र सुटतं. जुन्या प्रकाराचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, याचा ५. बाबांचं वजन ६० किलो, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम, ५० च्या ६ वायल. आणि त्या दिवसांत नागपुरात एक वायल मिळवायची म्हणजे देव आठवावा लागे. वाटप प्रशासनाच्या हातात गेलं होतं, हॉस्पिटलनं यादी पाठवायची, मागितलेल्या ६ मधल्या कधी २ यायच्या, कधी एकही नाही. माझा भाऊ गंजीपेठेच्या दवाबाजारापासून थेट रायपूरपर्यंत फोन करत होता. एकानं एका वायलचे २० हजार मागितले, तेही आगाऊ. दिले नाहीत, कारण बाटलीत खरंच काय असेल याची खात्री कोण देणार? त्याच महिन्याच्या अखेरीस वर्ध्यात हे इंजेक्शन बनायला लागल्याची आणि ते १२०० रुपयांना मिळणार असल्याची बातमी आली. वॉर्डातल्या नातेवाइकांनी ती बातमी एकमेकांना वाचून दाखवली होती, एका आजीनं तर मोबाइललाच हात जोडले.

नऊ दिवस जुनं औषध झालं, एक दिवस किडनीला विश्रांती, आणि दहाव्या दिवसानंतर लायपोसोमल सलग मिळायला लागलं. १४ दिवस, ८४ वायल. ती वायल जोरानं हलवावी लागते, मग फिल्टर लावून ओढायची, आणि तीही ग्लुकोजमध्येच. थंडी वाजणं जवळजवळ बंद झालं. क्रिएटिनिन १.३ वर उतरलं.

ऑपरेशनबद्दल फार लिहवत नाही. भरती झाल्यावर चौथ्या दिवशी डाव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा भाग काढला. औषध चालू असताना कापायचं कशाला, असं आईनं सर्जन सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, औषध रक्तातून जातं आणि बुरशीनं रक्ताचाच रस्ता बंद केला आहे. मेलेल्या भागात औषध पोचणारच नाही, तिथं ती बसून राहील. डोळा वाचला, दृष्टी वाचली. त्या वॉर्डात सगळ्यांचे डोळे वाचले नाहीत.

डॉक्टर मॅडमना मी एकदा विचारलं, तुम्हाला या औषधाची एवढी माहिती कशी? तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यानं मला या विषयाची गोडी लागली. त्यांच्या आजोळी काळा आजार असायचा, कालाजार. वाळूमाशी चावते, लीशमॅनिया नावाचा एकपेशीय जीव शरीरात शिरतो, पानथरी फुगते, माणूस काळवंडत, वाळत जातो. हा जीव बुरशी नाही, जिवाणूही नाही. तरी त्याच्या आवरणातही एर्गोस्टेरॉलच्या घराण्यातलीच स्टेरॉलं निघतात. म्हणून बुरशीचं हेच पिवळं औषध त्यालाही मारतं. बिहारमध्ये सरकारी कार्यक्रमात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात, आणि लहानपणी जिथं माणसं महिना महिना इंजेक्शनं घेत मरताना त्यांनी पाहिली होती, तिथं आता माणूस एका दिवसात डोस घेऊन घरी जातो. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत राहणारा एक जिवाणू हे औषध बनवतो, १९५० च्या दशकात ते सापडलं. त्या मातीतलं औषध मुजफ्फरपूरच्या वाळूमाशीच्या आजारावर चाललं, आणि मानेवाड्याच्या माझ्या बाबांवरही.

घरी आलो ते गोळ्या घेऊन. पोसाकोनाझोल, पहिल्या दिवशी तीन-तीन दोनदा, मग रोज तीन, भरल्या पोटी, बरेच महिने. ॲम्फोटेरिसिन तयार एर्गोस्टेरॉलला धरतं. पोसाकोनाझोल ते तयारच होऊ देत नाही, बनवणाऱ्या एन्झाइमला अडकवून ठेवतं. मेडिकलवाल्यांकडे सर्रास मिळणारं फ्लुकोनाझोल याच कुळातलं, पण म्युकरवर ते चालत नाही. या बुरशीच्या एन्झाइमवर त्याची पकड बसत नाही. एका शेजाऱ्यानं सहज आणून दिलेली फ्लुकोनाझोलची स्ट्रिप मी त्यांना परत केली. नाव सारखं वाटलं म्हणून औषध बदलायचं नसतं.

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती: कोलेस्टेरॉलची गोळी बंद. मी पुन्हा चक्रावले. कारण विचारलं तर पुन्हा तीच भावकी निघाली. पोसाकोनाझोल बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच कुटुंबातली एन्झाइमं आपल्या यकृतातही आहेत, आणि कोलेस्टेरॉलची गोळी शरीराबाहेर काढायचं काम त्यांतलंच एक करतं. ते अडलं की गोळी रक्तात साचते आणि स्नायू झिजायला लागतात. बाबांच्या डब्यातून ती गोळी मी स्वतः काढून टाकली.

याच महिन्यांत आईच्या कमरेला नायटा झाला आणि तिनं कुठूनतरी आणलेली मलमाची ट्यूब लावली. मी ट्यूब उलटून वाचली. बुरशीचं औषध, जिवाणूचं औषध आणि सोबत क्लोबेटासोल, म्हणजे तीव्र स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि आत बुरशी निवांत पसरते. आपल्याकडे घरोघरी ही ट्यूब आहे आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या कपाटात असेल तर कळकळीनं सांगते, काढून टाका. आईला त्वचेच्या डॉक्टरांनी टर्बिनाफिन आणि साधं मलम दिलं, तेही चट्टा गेल्यावर पुढे दोन आठवडे. टर्बिनाफिनही एर्गोस्टेरॉलचाच कारखाना बंद पाडतं, फक्त आधीच्या टप्प्यावर.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पाळी माझी आली. मी धानोरा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पावसाळ्यात गडचिरोलीत ताप आला की सगळ्यात आधी आशाताई बोट टोचायला येतात. पट्टीवर रेघ उमटली, व्हायवॅक्स मलेरिया. शनिवारी नागपूरला घरी आले आणि दुपारी थंडी भरली. दात वाजायला लागले. पलंगाची कडी भिंतीला लागली आणि बाबा आतल्या खोलीतून धावत आले. त्यांनी माझ्यावर घरातली होती तेवढी पांघरुणं टाकली आणि पाय धरून बसले.

थंडी तीच असली तरी कारण निराळं होतं. मलेरियाचे परजीवी रक्ताच्या तांबड्या पेशीत वाढतात आणि व्हायवॅक्समध्ये साधारण दर ४८ तासांनी पेशी फोडून एकदम बाहेर पडतात. तेव्हा थंडी भरते. आणि इथं आवरणातली खूण शोधायचं कारण नाही, कारण या परजीवीला एक अशी खोड आहे जी आपल्या तांबड्या पेशीला नाही. तो हिमोग्लोबिन खातो. खाताना उरलेला लोहाचा भाग, हीम, त्यालाच विषारी असतो. म्हणून तो त्याचे स्फटिक करून एका कोपऱ्यात साठवतो. क्लोरोक्विन त्याच्या त्या आम्लाच्या पोटलीत जाऊन साठतं आणि स्फटिक होऊ देत नाही. मग त्याचंच जेवण त्याला मारतं. पहिल्या दिवशी ४ गोळ्या, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. कडू इतक्या की गूळ खाल्ला तरी जिभेच्या मुळाशी चव राहते. तिसऱ्या दिवशी मी उठून बसले.

बाबांना हे फार पटलं. पण त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "मंग चौदा दिवसांच्या दुसऱ्या गोळ्या काहून?"

कारण व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात, आणि महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. झोपलेले असताना ते हिमोग्लोबिन खात नाहीत, आणि जो खातच नाही त्याचं जेवण बिघडवून काय उपयोग? त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागतं. ते शरीरात बदलून असं काही तयार होतं की त्याच्या माऱ्यानं झोपलेला परजीवी जळून जातो. पण हा मारा आपल्या तांबड्या पेशींवरही पडतो. बहुतेकांच्या पेशी तो सोसतात, कारण त्यांच्याकडे जी-सिक्स-पीडी नावाचं संरक्षक एन्झाइम असतं. काहींना ते जन्मतःच कमी असतं, पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया सोसलेल्या भागांत तर जास्त लोकांना, आणि त्यांच्या पेशी फुटून लघवी चहासारखी होऊ शकते. डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. गरोदर नाही ना, असं विचारलं, आणि जी-सिक्स-पीडीसाठी रक्त घेतलं. रिपोर्टला दोन दिवस लागले. मी म्हटलं, सर, तोवर सुरू करू का? ते नाही म्हणाले, आणि मला बरं वाटलं. वर्षभरापूर्वी कोणीतरी एक तपासणी आधी करा म्हणालं असतं, तर बाबांचा अर्धा जबडा आज जागेवर असता.

रिपोर्ट नॉर्मल आला. साडेसात मिलिग्रॅमच्या २ गोळ्या, रोज, जेवणानंतर. माझ्यासारखी माणसं ताप गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी ही गोळी सोडतात. आमच्या शाळेतल्या मुलांच्या घरी मी हेच बघते, आणि दोन महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा तापानं फणफणत वर्गात बसलेला असतो. मी धानोऱ्याला परत गेले तरी बाबांचा फोन रोज रात्री साडेनऊला यायचा. टाळूला आता प्लेट बसवली आहे, ती नीट बसली नसेल तर त्यांचे शब्द नाकातून येतात, पण मला सगळं कळतं. "घेतल्या?" "घेतल्या बाबा." "लघवीचा रंग?" "साफ आहे." "बरं."

दिवाळीला घरी गेले तेव्हा ती वीज मंडळाची डायरी उघडून बघितली. माझ्या अक्षरातले पोटॅशियमचे आकडे, वायलींच्या रेघा, शेवटी एकूण ८४. पान उलटलं तर पुढे बाबांचं अक्षर, वाकडं, मोठं. चौदा तारखा एकाखाली एक, प्रत्येकीसमोर २. शेवटच्या तारखेखाली त्यांनी लिहिलं होतं: एकूण २८. लाइन क्लिअर.